सातपूरहून एरंडोल: आमच्या बोलेरोचे पाच दिवस

पहिला दिवस, मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

म्हसावद स्टेशनावर थंडी अशी होती की आबांनी कानावरचा मफलर गाडी येईपर्यंत सोडला नाही. भुसावळहून इगतपुरीकडे जाणाऱ्या मेमूत खिडकीजवळची जागा मिळाली. आमच्याजवळ सामान तीनच: कपड्यांची पिशवी, अक्काला द्यायची भरिताची हिरवी वांगी भरलेली गोणी, आणि कागदांची पिशवी. कागदांची पिशवी आबांनी नाशिक येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

गाडी घ्यायची तर जळगावात शोरूम काय कमी आहेत, असं गावात सगळ्यांनी विचारलं. आबांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांनी आयुष्यात सहा बैलजोड्या घेतल्या, पण बाजारात दोरी हातात दिली आणि घेऊन आले, असं एकदाही केलं नाही. ज्याच्या गोठ्यात जोडी वाढली त्या गोठ्यात जायचं, वैरण काय घालतात ते बघायचं, एक रात्र राहायचं, आणि मग जोडी घरी चालवत आणायची. बोलेरो सातपूरला तयार होते, अक्का सातपूरलाच राहते, आणि दाजींची उभी हयात तिथल्या वर्कशॉपमध्ये गेली. मग गोठा सोडून बाजारात कशाला जायचं?

गाडी घ्यायचं तीन वर्षं चाललं होतं. यंदा २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरला आणि ते पक्कं झालं. चार मीटरच्या आतली, दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाची डिझेल गाडी आधी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के सेस अशा ३१ टक्क्यांत होती, ती १८ वर आली. बोलेरोचं इंजिन १४९३ सीसीचं, लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे नेमकी या मापात बसणारी. शेतकऱ्याच्या घरात एवढा फरक म्हणजे ठिबकच्या नळ्यांचा खर्च सुटला.

पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड. लासलगावपासून रुळाच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी सुरू झाल्या. निफाडला छाटणीनंतर फुटलेल्या द्राक्षबागा, आणि बागेत धूर केलेला. आबा म्हणाले, "थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून पेटवलंय." एका पिकाचा माणूस दुसऱ्या पिकाची काळजी अशी लांबूनही ओळखतो.

नाशिक रोडला उतरून द्वारका, सीबीएस, मायको सर्कल करत सातपूरला पोचायला पाऊण तासाच्या वर गेला. सिंहस्थाच्या कामांनी शहर जागोजागी उकरलेलं आहे. अक्काचं घर श्रमिकनगरात. वांग्यांची गोणी बघून ती आधी हसली, मग डोळे पुसले.

संध्याकाळी दाजी आम्हाला महिंद्रच्या कारखान्याच्या बाजूला फिरायला घेऊन गेले. शिफ्ट सुटायची वेळ होती. कंपनीच्या बसांची रांग, डबे हातात घेतलेली पोरं, आणि फाटकातून निघणारे लांबलचक ट्रेलर, प्रत्येकावर ताडपत्री नसलेल्या कोऱ्या गाड्या. आबा रस्त्याच्या कडेला उभे राहून प्रत्येक ट्रेलर मोजत होते. २००२ साली स्कॉर्पिओ याच कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडली. २०२० ची नवी थारही इथलीच. दाजींना हे पाठ आहे, कारण स्कॉर्पिओ आली तेव्हा सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपांना रात्रपाळ्या सुरू झाल्या होत्या. एका मोठ्या कारखान्यामागे शेकडो शेड उभ्या असतात. कोणी बिजागरी ठोकतं, कोणी नळी वाकवतं, कोणी रबर कापतं. दाजी अशाच एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर होते. २७ वर्षं.

आत काय चालतं ते त्यांनी फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं. पत्र्याची गुंडाळी येते, ती कापून प्रेसखाली डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबली की दरवाजा, बॉनेट, छप्पर असे भाग निघतात. ते स्पॉट वेल्डिंगने जोडले की गाडीचा सांगाडा उभा राहतो. तो सांगाडा अख्खा हौदात बुडवतात. त्यात विजेच्या मदतीनं पहिला थर कोपऱ्या-कोपऱ्यात चढतो, म्हणजे गंज आतून लागत नाही. मग भट्टी, मग सांध्यांवर सीलर, मग रंगाचे थर, पुन्हा भट्टी. बोलेरोची चासी वेगळी, शिडीसारखी. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल चढतो आणि शेवटी रंगवलेली बॉडी वरून अलगद खाली येते. "बॉडी ड्रॉप म्हणतात त्याला," दाजी म्हणाले. "त्यानंतर पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करतात. थेंब आत आला की गाडी परत."

आबांनी विचारलं, "तुम्ही पाहिलं आहे का हे आतून?"

"दोनदा. माल पोचवायला गेलो होतो तेव्हा."

दुसरा दिवस, बुधवार

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण गावात अजूनही लोक मला विचारतात. आपल्याकडे कारखान्याच्या फाटकात ग्राहकाच्या हाती किल्ली देत नाहीत. बिल डीलरच करतो. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ डीलर देतो, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा फॉर्म २२ कंपनीचा असतो. पण डीलरचं यार्ड सातपूरपासून चारच किलोमीटरवर असेल तर गाडी ट्रेलरवर चढत नाही, स्वतःच्या चाकांवर येते. थेट कारखान्यातून म्हणायचं ते एवढ्याच अर्थानं.

दाजींची एकच अट होती: पैसे भरायच्या आधी गाडी बघायची, आणि दिवसाउजेडी बघायची. शोरूमच्या दिव्याखाली नाही. बुकिंगच्या वेळी मी हे बोलून ठेवलं होतं, तरी सकाळी आम्हाला तासभर बसवून ठेवलं. शेवटी यार्डातला एक मुलगा किल्ली घेऊन आला आणि एका लिंबाखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीजवळ नेलं. छतावर पक्ष्यांची घाण वाळलेली, किल्ली फिरवली तर स्टार्टर कण्हला. दाजींनी खाली वाकून मागच्या बंपरचा डावा कोपरा दाखवला. बोटभर ओरखडा होता, यार्डात गाडी मागे घेताना कुठेतरी घासलेली. गाडी ऑक्टोबरातली. दोन महिने एका जागी उभी.

"बॅटरी बदलून देतो, ओरखडा पॉलिशनं जाईल," तो मुलगा म्हणाला. मुलगा चांगला होता, त्याच्या हातात काही नव्हतं. मी मॅनेजरकडे गेलो. आवाज चढवायची वेळ आली नाही, पण दोनदा तीच गोष्ट सांगावी लागली. नवीन गाडीचे पैसे देतोय, दुरुस्त केलेलीचे नाही. अखेर कळलं की कालच संध्याकाळी कारखान्यातून पाच गाड्या आल्यात, त्यांत एक पांढरी आहे. हे सकाळीच सांगितलं असतं तर?

दुसऱ्या गाडीचं मीटर ९ किलोमीटर दाखवत होतं. सीटवरचं प्लास्टिक तसंच, आत नव्या रबराचा आणि रंगाचा वास. आबा लांब उभे राहिले. बैल बघतानाही ते आधी लांबूनच बघतात, उभा कसा राहतो ते.

दाजींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. "कोणी आधीच चालू करून ठेवली असती तर थंडीत कशी उचलते ते आपल्याला कळलं नसतं." एका फिरकीत इंजिन सुरू झालं. तीन सिलिंडरचं इंजिन, थोडी थरथर असतेच, ती काही सेकंदांत बसली. मग नंबर. चासीवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला आणि स्वतः कागदावरचा ताडून बघितला. सुरुवातीचं एमए१ म्हणजे महिंद्र, दहावं अक्षर एस म्हणजे २०२५. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. हे मला त्या दिवशी समजलं.

मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. आमच्या चारही चाकांवर आणि स्टेपनीवर ४१२५, ४२२५ असे होते, म्हणजे २०२५ सालचा ४१ वा आणि ४२ वा आठवडा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यांत एकाच कंपनीची खूण आहे का ते बघितलं. एखादी वेगळी निघाली तर ती बदललेली असते. दरवाजांच्या आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग कुठे खरवडला आहे का, ते टॉर्चनं बघितलं. पान्ह्याचा दात लागला की रंग उडतो आणि बोल्ट खरं बोलतो. दिवे, वायपर, हॉर्न, हीटर, एसी, चारही काचा, जॅक, टॉमी. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकड्यांवर बसून त्यांनी पट्टे ओढून बघितले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र दरवाजांना दिला. दाजींच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं शेवटचं पेर नाही. त्याच बोटाचं टोक ते दरवाजा आणि बॉडी यांच्यामधल्या फटीतून वरून खालपर्यंत फिरवत गेले. चारही दरवाजे. मग मागचा, ज्याच्यावर स्टेपनी असते. तो तीन वेळा उघडला, तीन वेळा लावला, कान देऊन. स्टेपनीच्या मागे हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले.

"घ्या," ते आबांना म्हणाले.

आबा तेव्हा जवळ आले. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, जसा पाठीवर फिरवतात.

दुपारी आरटीजीएस केला. कर्जाची रक्कम बँकेकडून आली, उरलेले आबांच्या केळीचे. नोंदणीसाठी पेन्सिलीनं चासी नंबरचा छाप घेतला, तो कागद आबांनी उन्हाकडे धरून वाचला. रस्ता कर म्हणून गाडीच्या किमतीवर १३ टक्के गेले. दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात तेवढा पडतो.

तिसरा दिवस, गुरुवार

कागदांचा दिवस. विमा, फास्टॅग, सह्या. दुपारी मोबाइलवर नंबर आला: एमएच १५. आबांना एमएच १९ हवा होता, जळगावचा. आता राज्यातल्या कुठल्याही आरटीओत गाडी नोंदवता येते, तो पर्याय होता. पण मग आणखी चार दिवस हेलपाटे. आबांनी रात्री जेवताना स्वतःच निकाल दिला: "जन्मगाव लिहिलेलं असू दे तिच्यावर."

मार्गशीर्षातला गुरुवार होता. अक्काचा घट मांडलेला. संध्याकाळच्या आरतीत तिनं गाडीच्या किल्लीचा फोटो नैवेद्याजवळ ठेवला. खरी किल्ली अजून मिळायची होती. रात्री आमच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. नाशिकला राहून २५ वर्षं झाली तरी अक्काच्या हातची भाकरी एरंडोलचीच आहे.

चौथा दिवस, शुक्रवार

नंबर मिळाला, पाटी नाही. उच्च सुरक्षा पाटी बसवल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर काढायची नाही, हा नियम २०१९ पासून आहे आणि तो योग्यच आहे. पण पाटी आज सकाळी, मग दुपारी, मग उद्या अकरा वाजता. मला राग आला तो उशिराचा नाही, दर वेळी वेगळं सांगण्याचा. उद्या म्हणजे शनिवार. आईचा फोन लगेच: शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही.

आबांना घेऊन पंचवटीत गेलो. रामकुंडावर त्यांनी पाण्यात उभं राहून हात जोडले. मग काळाराम मंदिर. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ काळ्या दगडाचं, आणि तो दगड रामशेजच्या डोंगरातला. आबांनी खांबाला हात लावून एकेक सांधा बघितला, परवाचीच नजर. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. आबा पूर्व दरवाजापाशी थोडा वेळ काही न बोलता उभे राहिले. त्यांच्या लहानपणी आमच्या गावात विहिरी वेगळ्या होत्या. बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली, त्यांनी ती भाजलेल्या पापडाबरोबर खाल्ली आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला.

संध्याकाळी दाजी भाजी आणायला गेले तेव्हा अक्का स्वयंपाकघरात बोलली. ते बोट प्रेसखाली गेलं ते २००९ साली. रात्रपाळीत, ऑर्डर तातडीची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेला गार्ड काढून ठेवलेला. मालकानं दवाखान्याचा खर्च केला आणि आठवड्यानं दुसऱ्या मशीनवर बसवलं. जो भाग तेव्हा चालू होता तो कुठला, हे मी विचारलं.

"स्टेपनी धरून ठेवणारा पत्रा," ती म्हणाली. "मागच्या दारावरचा. रस्त्यात बोलेरो दिसली की ते मागूनच बघतात."

मला यार्डातला तो बराच वेळ आठवला.

दाजी आल्यावर शनिवारचा विषय निघाला. त्यांनी पिशवी ठेवत सांगितलं, "आबा, पैसे बुधवारी दिले. लोखंड बुधवारीच घेतलं. उद्या फक्त घरी न्यायचंय." आबांनी आईला फोन लावून हेच शब्द ऐकवले. आईनं जरा वेळानं विचारलं, "जेवायला किती वाजता याल?"

पाचवा दिवस, शनिवार

पाटी साडेअकराला आली. रिबिटा ठोकताना आबा बाजूला उभे होते. फुलांचा हार अक्कानं आणला, लिंबं चाकाखाली ठेवली, नारळ दाजींनी फोडला. मी दाजींना म्हटलं, तुम्ही चालवा. ते नाही म्हणाले, पहिल्यांदा घरचा माणूस. मग मीच बसलो, आबा शेजारी, अक्का-दाजी मधल्या सीटवर. त्या दोघांनी गावापर्यंत यायचं रात्रीच ठरवलं होतं.

आधी पेट्रोल पंप. डिझेल भरलं आणि चारही चाकांतली हवा मापून पुस्तकात दिल्याप्रमाणे करून घेतली. दोन चाकांत जास्त होती. दाजींनी सूचना दिल्या: पहिले हजार किलोमीटर रेटायची नाही, पण एकाच वेगावरही ठेवायची नाही. कधी साठ, कधी सत्तर, कधी पन्नास. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला बसायच्या असतात, वेग बदलत राहिला तर त्या नीट बसतात. ब्रेकही आधी हलक्या पायानं, पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखायला वेळ द्यायचा.

आडगाव मागे पडलं, ओझर आलं. एचएएलच्या कारखान्याकडे बोट दाखवून दाजी म्हणाले, मिग विमानं इथलीच, १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला. विमान, गाडी, द्राक्षं, सगळं एकाच जिल्ह्यात होतं याचं आबांना फार वाटलं. पिंपळगाव बसवंतला टोलनाक्यावर फास्टॅग पहिल्या खेपेला वाचला गेला. वडाळीभोईनंतर चांदवडचे डोंगर समोर उभे राहिले.

चांदवडला रेणुकामातेच्या देवळापाशी थांबलो. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल याच गावात आहे, पण तो बघायला उतरलो तर अंधार पडला असता. पुढच्या खेपेला. देवळातून परत आलो तेव्हा किल्ली मी दाजींच्या हातात दिली. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. सीट पुढे घेतली, आरसे जुळवले, पट्टा लावला. राहुडच्या घाटात त्यांनी गाडी तिसऱ्यात ठेवून इतकी सावकाश उतरवली की मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते. अक्का खिडकीबाहेर बघत होती. तिच्या नवऱ्याला तिनं मोटारसायकलशिवाय दुसरं काही चालवताना पाहिलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. लायसन्स त्यांच्याकडे १९९८ पासून आहे.

मालेगावला चहा. झोडगे येईपर्यंत ऊन उतरलं, रस्त्यालगतचं माणकेश्वराचं हेमाडपंती देऊळ पिवळं दिसत होतं. लळिंगचा किल्ला डोक्यावर घेऊन धुळ्यात शिरलो आणि तिथून उजवीकडे पारोळ्याचा रस्ता धरला. फागण्यापासून दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी झालेली शेतं, हवेत ओल्या मातीचा गारवा. आबा बोलेनासे झाले होते. मी वळून बघितलं तर जागेच होते, फक्त मीटर बघत होते.

पारोळ्याला मी पुन्हा स्टिअरिंगवर बसलो. एरंडोल सोडून गावच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेसात वाजले होते. मारुतीपाशी पोरं धावत आली. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शनिवारचा विषय तिनं काढला नाही. मीटर २३८ वर होतं. त्यातले नऊ कारखान्याचे, उरलेले आमचे.

जेवणं झाल्यावर अंगणात आलो तर दाजी टॉर्च घेऊन गाडीच्या मागे बसलेले. स्टेपनीचे नट त्यांनी सोडवले होते आणि चाक काढून पोत्यावर ठेवलं होतं. दारावरचा पत्रा उघडा पडला होता, काळ्या रंगाचा, पंजाएवढा. मी पाना धरून शेजारी बसलो.

"हा माझ्या हातचा नाही," ते म्हणाले. "मी सोडून तीन वर्षं झाली. पण ही घडी बघ, ही कड. डाय बदललेली नाही."

त्यांनी बोटाचं टोक कडेवरून फिरवलं, दोनदा. मग आम्ही दोघांनी चाक उचलून परत लावलं. नट त्यांनी समोरासमोरचे आवळले, एकेक करून, आणि शेवटी माझ्याकडून पुन्हा एकदा आवळून घेतले.